रुंद चाकांना आवतन

श्रावण सरत आला की घाटंजीच्या बाजारात एका कोपऱ्यात घुंगरमाळा टांगलेल्या दिसतात. पूर्वी त्या बऱ्याच दुकानांत असायच्या. आता एकाच दुकानात असतात, त्याही ट्रॅक्टरच्या सीटकव्हरांच्या शेजारी. मी तिथं थांबत नाही. बाजाराला निघाले की हातात यादी असते आणि यादीत घुंगरमाळ कधीच नसते. तरी वारा येतो, माळा हलतात आणि माझी चाल आपोआप मंदावते. ओल्या काळ्या मातीवरून सायकल जाताना टायरचा जो चपचप आवाज होतो, तो मला ऐकू यायला लागतो. बैलांच्या माळा ऐकून सायकल आठवणारी बाई अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

यंदा त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळलाय. रुंद टायरचा. डांबरी रस्त्यावर तो भुंग्यासारखा घुमतो, आणि रस्ता सोडून मातीत उतरला की एकदम गप्प होतो.

गाडी आली ती एका चपट्या खोक्यातून. विजेवर चालणारी, पायडलही असलेली, मधोमध घडी होणारी सायकल. चाकं लहान, पण टायर असे जाड की शाळेच्या फाटकाशी मुलं ओरडली, "मॅडम, गाडी बकरीची आन पाय हत्तीचे!" मी घाटंजीत शाळेचं ऑफिस सांभाळते, शिकवत नाही, पण पोरांच्या लेखी फाटकातून आत येणारी प्रत्येक बाई मॅडमच असते.

ती पाठवली पुण्याच्या धाकट्या भावानं, प्रकाशनं. हौस म्हणून नाही. आमची आई, म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी, खिंडीपलीकडच्या तांड्यात एकटी राहते. बापूंना, आमच्या वडलांना, जाऊन बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात ती चक्कर येऊन अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं, हिला रोज कुणीतरी डोळ्यानं बघायला हवं आणि गोळी समोर उभं राहून द्यायला हवी. समोर उभं राहून, यावर त्यांनी जोर दिला, कारण याडी गोळी घेते आणि उशीखाली ठेवून देते. प्रकाश लगेच तिला पुण्याला न्यायला निघाला. मी म्हटलं, थांब, मी रोज जाईन.

"बाई, रोज कशी जाशीन? बस तिकडं येत नाही. तुही स्कूटी पांदणीत फसते."

"फसली तं काढीन."

"एक दिवस काढशीन, दोन दिवस काढशीन. तिसऱ्या दिवशी तुलेच काढाले माणसं बोलवा लागतीन."

तो चुकीचं बोलत नव्हता. डांबरी रस्ता सुटला की तांड्यापर्यंत काळ्या मातीची पांदण आहे. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधे पावसाळाभर न वाळणारा चिखल. स्कूटी त्यात चाकाच्या आसापर्यंत रुतायची. शेवटी त्यानंच तोड काढली. ही गाडी पाठवतो, पोळ्यापर्यंत चालवून बघ. पटली नाही तर दुकानवाले मुदतीत परत घेतात. तुला जमलं तर याडी तिथंच राहील. नाही जमलं तर पोळा झाला की मी येऊन तिला घेऊन जाईन.

म्हणजे मला एका सायकलची परीक्षा घ्यायची होती, आणि ती नापास झाली तर आईचं घर सुटणार होतं.

पूर्वी एकदा याडी प्रकाशकडे राहून आलेली. परत आल्यावर एवढंच म्हणाली होती, "तिथं आपलं दार उघडलं की दुसऱ्याचं दारच दिसते." आता प्रकाशचा हा फोन झाल्यापासून तिनं अंगणातल्या वालाच्या वेलाला काठ्या लावणं सोडून दिलं. वेल जमिनीवर लोळत होता. मी विचारलं तर म्हणाली, "कायले बांधू? शेंगा कोण खाईन?"

कोणतीही वस्तू घेताना मी कागदाच्या डावीकडे गुण आणि उजवीकडे खोड्या लिहिते. मिक्सर असाच घेतला, भाड्याचं घर असंच घेतलं. नवरा तेवढा यादी न करता मिळाला. तो वणीला कोळशाच्या खाणीत नोकरीला असतो आणि शनिवारी येतो. गाडी बघून म्हणाला, "घडी होते ना? मंग साड्यांच्या खाली कपाटात ठेव."

घडी होते हे खरं. मधला खटका उघडायचा, हँडल खाली पाडायचं, पायडल आत मोडायचे. जाहिरातीतली मुलगी ही घडी एका हातात धरून हसत हसत रेल्वेत चढते. ती मुलगी कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलत असावी. मला ती जिन्यातून वर नेताना मधे दोनदा बसावं लागलं आणि त्यानंतर मी ती वर नेलीच नाही. पण एका सकाळी मुसळधार पाऊस लागला तेव्हा घडीची किंमत कळली. फाट्यावर काळीपिवळी जीप थांबवली, गाडी दुमडून मागच्या बाकाखाली सरकवली आणि कोरडी घरी आले. डावीकडे लिहिलं. शेजारी बसलेली म्हातारी सगळ्या रस्त्यानं त्या दुमडलेल्या गाडीकडे अशी बघत होती, जसं काही एखादं आजारी वासरू तालुक्याला चाललंय.

बॅटरी किल्लीनं निघते. ती पिशवीत घालून वर नेते, ओट्यावर एका बाजूला दूध तापतं, दुसऱ्या बाजूला ती चार्ज होते. एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाते याचा कंपनीनं छापलेला आकडा बहुधा सपाट रस्त्यावर, पाठीवर वारा असलेल्या सडपातळ माणसाचा असावा. आमच्या खिंडीच्या चढाला, समोरून वारा असताना आणि माझ्या वजनाला तो जवळपास अर्धा होतो. तरी तांड्याला जाऊन परत येण्याइतका पुरतो आणि थोडा उरतो. सीट कडक. दिवा चांगला. घंटी म्हशींना ऐकू जात नाही. मोटरची मदत कमी ठेवून पायडल मारलं तर गुडघे सकाळी कुरकुरतात आणि संध्याकाळी आभार मानतात.

आणि चिखल. पहिल्या दिवशी पांदणीच्या तोंडाशी उभी राहून मी टायरमधली हवा थोडी सोडली, जीव मुठीत धरला आणि आत शिरले. स्कूटी जिथं रुतायची तिथं ही चिखलावर पसरून, बदकासारखी डुलत पुढं गेली. मला हसूच आलं, एकटीलाच, मोठ्यानं. अर्ध्या वाटेत मडगार्ड आणि टायरच्या मधे माती ठासून बसली आणि चाक अडलं. काडीनं ती माती कोरून काढताना बोटांना वास लागला. काळ्या मातीचा, कुजक्या पानांचा, थोडा गोमूत्राचा. तो वास माझ्या ओळखीचा होता. ह्याच पांदणीत, ह्याच दिवसांत, मी एका सायकलच्या चाकातली माती अशीच कोरत बसले होते. ती सायकल चालवणारी बाई तेव्हा पदरानं घाम पुसत म्हणत होती, "लवकर कर वं छोरी, भात थंडा होऊन राह्यला."

ती याडी होती. तेव्हा ती माझ्या आताच्या वयापेक्षा बरीच लहान होती, हे मला आता कळतं.

त्या वर्षी आषाढात बैलगाडी उलटली आणि बापूंच्या पायाचा चुरा झाला. पाय वर टांगून ते घाटंजीला दवाखान्यात पडले. दवाखान्याचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. बस बाजाराच्या दिवशी यायची तेवढीच. चालत जावं तर येण्याजाण्यात दिवस जायचा आणि इकडे निंदण खोळंबायचं. घराच्या भिंतीला बापूंची सायकल टेकलेली होती, काळी, उंच, मधे नळी असलेली. याडी दोन दिवस तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुले येते ना? मले शिकव."

मला कैची यायची. नळीवरून पाय टाकायला उंची पुरत नसे म्हणून सगळी पोरं नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला वाकवून सायकल चालवायची. याडी उंच होती, पण अंगावर घेरदार फेट्या, आरशांचं भरतकाम केलेला आमचा घागरा. तो घालून नळीवरून पाय टाकायची सोय नव्हती. म्हणून तीही कैचीच शिकली. एवढी थोरली बाई, घागऱ्याचा घोळ कमरेला खोचलेला, एक पाय नळीखालून पलीकडे, आणि मागून कॅरियर धरून पळणारी मी. तांड्याच्या बाया कामं टाकून ओट्यावर बसल्या.

"माय वं! बापूची बायको सर्कशीत चालली!"

"घागरा चाकात जाईन तवा समजन!"

याडी पडली, उठली आणि तिकडं न बघता म्हणाली, "हसून घ्या. उद्या तुमचा बी निरोप घाटंजीले मीच नेईन."

आणि तसंच झालं. आठवडा गेला नसेल, ती डबा हँडलला बांधून एकटी निघाली. मी टेकाडावर उभी राहून बघत होते. पावसानंतरचं कोवळं ऊन पडलं होतं, दोन्ही बाजूंना हिरवीगार कपाशी, आणि मधून ती एका अंगाला कललेली काळी सायकल हळूहळू चाललेली. सायकल दिसेनाशी झाली तरी घागऱ्यावरचे आरसे चमकत राहिले. खिंडीच्या वळणावर शेवटचा लखलख झाला आणि विझला. माझ्या आयुष्यात मी पुढं पुष्कळ गोष्टी बघितल्या, समुद्रसुद्धा बघितला. पण डोळे मिटले की दिसतं ते खिंडीतलं ते चमकणं. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला का, भीती वाटली, सांगता येत नाही. ती परत येईपर्यंत मी टेकाडावरून हलले नाही एवढं खरं.

त्या हंगामभर तिच्या अंगाला सायकलच्या तेलाचा वास यायचा. येताना ती तालुक्याच्या बातम्या आणायची, कुणाचं औषध, कुणाचं कुंकू, शेजारणीच्या लेकीचा निरोप. हसणाऱ्या बाया आता पांदणीच्या तोंडाशी तिची वाट बघत उभ्या असायच्या. ती जोरात बोलायला लागली होती. चालताना हात मोकळे सोडायची. सीटवर मात्र ती कधी बसली नाही. अख्खा हंगाम कैचीवर काढला.

पोळाही त्याच हंगामात आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू घासून घासून जिथं कातडं कडक झालेलं असतं, तिथं तुपात कालवलेली हळद पळसाच्या पानानं चोळतात आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे घरच्या पुरुषानं करायचं. बापू दवाखान्यात, प्रकाश रांगता. तांड्यातले थोरले म्हणाले, दुसऱ्या घरचा माणूस पाठवतो. याडी म्हणाली, "बैल माह्या हातचा चारा खाते ना? मंग आवतन बी माह्या तोंडचं घेईन." तिनं दोन्ही बैलांचे खांदे चोळले. वाटीत थोडी तूप-हळद उरली. ती तिनं सायकलच्या हँडलला लावली, आणि मी हसले तर म्हणाली, "हसते काय? याचे खांदे नाई दुखत?"

दसऱ्याला बापू काठी टेकत घरी आले. दुसऱ्या दिवसापासून याडीनं सायकलला हात लावला नाही. मी तिच्या मागं लागले, चल ना, एक चक्कर मारू, नुसती खिंडीपर्यंत. ती चुलीशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कायले? ज्याले पाह्याले जात होती, ते घरी आले."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आरशांचा घागरा घालून वाऱ्यावर जाणारी ती बाई मला हवी होती, आणि ती एका हंगामापुरतीच आली होती. पुढं प्रत्येक श्रावणात मी तिची वाट बघितली. खोटं कशाला सांगू, अजून बघते.

आता ती बाई ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडते. मी पहिल्यांदा ही गाडी घेऊन अंगणात शिरले तेव्हा सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "ई कांई छ?" मी सांगितलं, सायकल आहे, विजेची. ती उठली, गाडीभोवती फिरली. बैलाचं वशिंड दाबून बघतात तसं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं.

"चाकं गाभण हायेत वं हिचे."

"चिखलात चालायला तसेच लागतात."

"खाते काय?"

"लाईट."

"मंग आपल्या तांड्यात उपाशीच मरन."

मग तिचा हात सीटपासून हँडलपर्यंत मधल्या मोकळ्या जागेवरून फिरला. ह्या गाडीला मधे नळी नाही. घडी होते ती जागा गुडघ्याच्याही खाली, साडी-घागरा घालून सहज पाय टाकता येईल अशी. तिचा हात त्या रिकाम्या जागेत थोडा वेळ थांबला. ती काय आठवत होती ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही. तिनं हात काढला आणि म्हणाली, "चांगली हाये. पाहुणीच हाये ना पण? पोळा झाला की जाणार ना परत?"

"अजून ठरलं नाही."

"ठरन," ती म्हणाली आणि सूप मांडीवर घेतलं.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखामागून मुलूख ओलांडत गेले. एका जागी पाऊस दोनदा बघितला नसेल त्यांनी. त्यांच्याच वंशातली ही बाई एका अंगणासाठी एवढी अडून बसते, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांना थांबल्या जागेची किंमत जास्त कळत असेल.

मी रोज जात राहिले. सकाळी लवकर निघायचं, गोळी द्यायची, समोर उभं राहून पाणी प्यायला लावायचं, चहा घ्यायचा, शाळेच्या वेळेआधी परत. कपाशीला पिवळी फुलं आलेली, कालची सुकून गुलाबी झालेली. तिनं एकदाही म्हटलं नाही, आलीस ते बरं झालं. उद्या ये असंही म्हटलं नाही. चहा मात्र मी पांदणीतून वर चढेपर्यंत उकळलेला असायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीला "ये" म्हणणं म्हणजे तिच्या संसारातून काहीतरी मागणं, असा तिचा हिशेब. ती मागत नाही. तिनं कधी काही मागितलं नाही, त्या हंगामात सायकल शिकव म्हणाली तेवढंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. दुपारी पाऊस होता, संध्याकाळी उघडला. मी तांड्यात मुक्कामालाच गेले. गाडी अंगणात खुंट्याजवळ लावली. आमच्या घरी आता बैल नाहीत. शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलंय, तो ट्रॅक्टर लावतो. पण खुंटा याडीनं काढलेला नाही. मी बॅटरी घेऊन आत गेले, वीज होती तोवर लावून टाकली आणि उद्याच्या पुरणाची डाळ निवडत बसले. बाहेर शेजारच्या गोठ्यातून घुंगरांचा आवाज येत होता. याडी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं शेजारीण असेल.

सकाळी लक्षात आलं, गूळ कमी पडतोय. फाट्यावरच्या दुकानातून आणते म्हणून निघाले. पांदणीत ब्रेकची गरजच पडत नाही, चिखलच गाडी धरून ठेवतो. डांबरी रस्त्याला लागले आणि खिंडीच्या उतारावर, नाल्याच्या वळणाआधी ब्रेक दाबला. काहीच नाही. दुसरा दाबला. मूठ हँडलला टेकली, गाडी तशीच. पुढं नाल्यावर तांड्यातले दोघं बैल धूत होते, सगळा रस्ता अडवून. मी हँडल डावीकडे वळवलं आणि रस्ता सोडून थेट कपाशीत शिरले. ओल्या काळ्या मातीत ती रुंद चाकं पसरली, मंदावली, आणि मी चार ओळी आडव्या करून उभी राहिले. पडले नाही. पायातली चप्पल कुठंतरी मागं राहिली.

"मॅडम," बैल धुणारा ओरडला, "पोळा गावात भरते, वावरात नाई!"

"बैल बाजूले घ्या आधी!" मी ओरडले.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले. उजव्या बाजूला लिहायचं ते मनातल्या मनात लिहून झालं होतं. ब्रेक, नापास. ज्या गाडीचा ब्रेक उतारावर लागत नाही ती रोजच्या वापराची नाही, यात चर्चेला जागा नव्हती. प्रकाशला खोटं सांगणं माझ्यानं झालं नसतं. आणि खरं सांगितलं की तो येणार. मला वालाचा लोळणारा वेल दिसला. कुलूप लावलेलं दार दिसलं. पुढच्या श्रावणात घुंगरमाळांपाशी पाय मंदावतील तेव्हा ह्या पांदणीच्या शेवटी कुणीच नसेल, हे पहिल्यांदाच नीट कळलं. मोबाईल काढला. हात पुसायला म्हणून वाकले तर नाकाला वास आला.

तुपाचा.

चाकाच्या मध्याशी ब्रेकची गोल चकती असते, लोखंडी, घासून आरशासारखी झालेली. तिच्यावर पिवळं काहीतरी माखलेलं होतं. बोट लावलं. हळद आणि तूप. पुढच्या चाकाला, मागच्या चाकाला, दोन्ही अंगांनी, अगदी निगुतीनं चोळलेलं. चकतीच्या भोकांत पळसाच्या पानाचा एक तुकडा अडकला होता.

मोबाईल परत पिशवीत टाकला आणि गाडी हातानं ढकलत वर नेली. याडी चुलीपाशी होती.

"काय केलं तू हे? मी मरता मरता वाचली!"

तिनं माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला. "लागलं का वं कुठं?"

"नाही लागलं. पण ब्रेकला तूप कायले लावलं?"

"मले काय माहीत ब्रेक हाये." ती गाडीपाशी आली, वाकून चकतीवर बोट ठेवलं. "हे पाह्य. घासून घासून कसं गुळगुळीत झालं. जू घासते तिथं बैलाचा खांदा असाच होते. मले वाटलं, हिले इथंच दुखत असन."

मी रागानं भरून गेले होते, पण तो राग कुठं ठेवावा हेच सुचेना. खरं तर गाडीला दुखत असेल तर तिथंच दुखत असेल. थांबायची जागा तीच.

"आन आवतन बी देल्लं?"

ती उठली. वेलाकडे बघत म्हणाली, "देल्लं. त्याच्याबिगर खांदा शेकतेत काय?"

काल संध्याकाळी बाहेर ती कुणाशी बोलत होती ते मला आत्ता कळलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मला आयुष्यात एकदाही न म्हटलेलं "या" ती अंधार पडताना, मी आत आहे हे बघून, एका लोखंडी गाडीच्या कानात सांगत होती.

चकत्या गरम पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुतल्या. याडी राख घेऊन आली, तिला हाकललं. ब्रेकचे गट्टे काढून पॉलिश पेपरनं घासले, शाळेच्या पिशवीतलं सॅनिटायझर होतं नव्हतं तेवढं ओतलं. अंगणातल्या उतारावर पुन्हा पुन्हा गाडी सोडून बघितली. शेवटी मूठ दाबली आणि चाक जागच्या जागी थांबलं. उजवीकडचं खोडलं. नवीन गट्टे मागवायचे, असं खाली लिहिलं.

दुपारी पुरणाच्या पोळ्या झाल्या. याडीनं पहिली पोळी केळीच्या पानावर ठेवली, वर तूप सोडलं आणि पान नेऊन खुंट्याजवळ, गाडीच्या पुढच्या चाकाशी मांडलं.

"आता टायरला पुरण घालू नको," मी म्हटलं.

"आवतन देल्लं तं पान मांडा लागते. उपाशी धाडू काय पाहुण्याले?"

"पाहुणी नाही ती. प्रकाशला फोन करून सांगितलं मघाशी, ठेवून घेतली म्हणून."

तिनं पोळी शेजारच्या गोऱ्ह्याला घातली, पान धुऊन आणलं आणि मला त्याच पानावर वाढलं. मी जेवत होते तेव्हा ती अंगणात काठ्या शोधत होती. संध्याकाळी निघताना बघितलं, वालाचा वेल उभा राहिला होता, बांधलेल्या जागी अजून थोडा कलंडत.

पोळा होऊन गेला. आता ऊन कडक पडतं, पांदण वाळायला लागलीय, बोंडं फुगलीत. शाळेच्या वेळा बदलल्यामुळं हल्ली मी संध्याकाळी जाते. एकदा तिला म्हटलं, बस ना सीटवर, नळी नाहीये बघ, मी मागून धरते. ती बसली. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, दोन्ही हात मुठींवर. घागरा घालणं तिनं कधीच सोडलं, साडीवर आरसे नसतात. खिंडीकडं तोंड करून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मी कॅरियर घट्ट धरून उभी. मग म्हणाली, "चल, उतरव." ती सायकल का सुटली, हे आता मला तिच्या शब्दांशिवाय समजतं. ज्याला बघायला जायचं ते माणूस तिथं असतं, तोवरच गाडीला रस्ता असतो. माझ्या गाडीला आज रस्ता आहे. त्यापुढचं मी कागदावर मांडलेलं नाही.

निघायची वेळ झाली की ती फाटकापर्यंत येते. गाडीच्या हँडलवरून हात फिरवते आणि तिच्याशीच बोलते, "उद्या या."

मग माझ्याकडे न बघता म्हणते, "जाय वं आता, अंधार पडून राह्यला."